बन्सीभाऊंच्या उपरण्याच्या गाठी

बन्सीभाऊ कुणालाही नमस्कार करत नसत. समोर माणूस आला की खांद्यावरचं उपरणं ते त्याच्या हातावर टाकत, उपरण्याखाली त्याची बोटं आपल्या मुठीत धरत आणि क्षणभर भलतीकडंच बघत उभे राहत. मग हात सोडून 'बरं हाय' किंवा 'बरं न्हाई' असा निकाल देत. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. तिथं म्हशीचा भाव तोंडानं सांगत नाहीत. कापडाखाली बोटं दाबून सांगतात, म्हणजे शेजारी उभा असलेल्याला कळत नाही. भाऊंनी ही पद्धत बाजाराबाहेरही चालू ठेवली होती. एका लग्नात त्यांनी मांडवातच नवरदेवाचा हात असा धरलेला मी पाहिला आहे. निकाल 'बरं न्हाई' असा लागला होता, आणि तो पुढं खरा ठरला.

आमची ओळख झाली ती माझ्या विद्वत्तेमुळं. मी घोडेगावजवळच्या एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. विनाअनुदानित म्हणजे काम पूर्ण आणि पगार आठवण झाली तर. 'मागणी आणि पुरवठा' हे प्रकरण मुलांना प्रत्यक्ष दाखवावं म्हणून एका शुक्रवारी मी अकरावीचा वर्ग घेऊन बाजारात गेलो. शेकडो म्हशी, धूळ, भेळेच्या गाड्या, आणि त्यातून बूट जपत चाललेला मी. एका म्हशीजवळ थांबून मी मुलांना समजावू लागलो की दोन वक्ररेषा जिथं एकमेकींना छेदतात तिथं किंमत ठरते. म्हशीचा कासरा धरून उभा असलेला, पांढऱ्या टोपीचा, काटक म्हातारा हे सगळं मान डोलवत ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं उपरणं माझ्या हातावर टाकलं.

"कितीला घेता?"

"मला घ्यायची नाही."

"घ्यायचीय आसं समजा."

मी आपली अंदाजानं दोन बोटं दाबली. म्हातारा हसला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मास्तर, तुमच्याच्यानं म्हसरू घ्यायचंबी न्हाई आन इकायचंबी न्हाई. तुमचं तोंड नगं म्हनायच्या आदी तुमची करंगळी व्हय म्हनती." त्या दिवशी मागणी आणि पुरवठा कुणाला किती कळला ते माहीत नाही, पण पुढची दोन वर्षं मला कॉलेजात 'करंगळी सर' म्हणत होते.

हे बन्सीभाऊ. जनावरांचा व्यापार करणारा, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत हेडी. शेअर बाजारात जी चंचलता आहे म्हणून आम्ही फळ्यावर आकृत्या काढतो, ती त्यांच्या बाजारात दर शुक्रवारी चार पायांवर उभी असते. दुधाचा दर दोन रुपयांनी उतरला की म्हशीचे दहा हजार उतरतात. चारा संपला की आणखी उतरतात. लंपीची साथ आली तेव्हा तर बाजारच बंद पडला आणि लोकांच्या दावणीला जनावरं नुसती खात उभी राहिली. एवढ्या उलथापालथीत हा माणूस कधी घाबरलेला कुणी पाहिला नव्हता. त्यांच्या निर्भयपणाच्या गोष्टी पारनेरपासून पाथर्डीपर्यंत सांगितल्या जात. त्यातल्या निम्म्या त्यांनीच पसरवलेल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे.

त्यांची रीत सरळ होती. जनावर विकायचं असेल तर कमीत कमी कितीला सोडायचं हे पहाटे घरीच ठरायचं आणि तेवढ्या गाठी उपरण्याच्या टोकाला मारलेल्या असायच्या. एक गाठ म्हणजे दहा हजार. बाजारात भाव वर चालला तर भाऊ मजेत थांबत. खाली येऊ लागला की उपरण्याचं टोक बोटांनी चाचपत. भाव गाठीपाशी येऊन टेकला की तिथंच व्यवहार, इसार हातात, कासरा दुसऱ्याच्या हातात, आणि भाऊ भेळेच्या गाडीवर. मी विचारलं होतं, "भाऊ, पण बाजारात येऊन परिस्थिती बघून ठरवावं ना?" तर म्हणाले, "बाजारात डोकं घिऊन यायचंच न्हाई, मास्तर. ते घरी ठिवायचं. हितं आलं की ते आपलं ऱ्हात न्हाई, गर्दीचं हुतं."

एकदा मी स्वतः पाहिलं. दुधाचे दर पडले होते आणि बाजारात घेणारं कुणी नव्हतं. जो तो 'पुढच्या शुक्रवारी बघू' म्हणत जनावर धरून उभा. भाऊंच्या उपरण्याला सहा गाठी होत्या. साठ हजारांचं गिऱ्हाईक आलं आणि भाऊंनी म्हैस देऊन टाकली. अर्ध्या तासानं बाहेरगावच्या व्यापाऱ्यांचे दोन ट्रक आले आणि तशीच म्हैस पंचाहत्तरला गेली. हे सांगायला एक जण धापा टाकत भेळेच्या गाडीवर आला. अशी बातमी पोचवायला लोक किती मनापासून धावतात, हे बघण्यासारखं असतं. भाऊंनी त्याचं ऐकून घेतलं, त्याच्यासाठी एक भेळ सांगितली आणि म्हणाले, "म्हैस गेली तवा तिनं मागं वळून बघितलं न्हाई. मी का बघू?"

आता माझ्याकडं वळतो, कारण या गोष्टीतला खरा विनोद मी आहे.

माझी बायको सुनंदा वीस वर्षं शिलाई करते. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं पायमशीन आहे. आसपासच्या चार गावांतल्या ब्लाउजांनी आमचं घर चालवलं आणि तिचे दोन्ही गुडघे खाल्ले. अंगणात उतरायला सहा पायऱ्या आहेत. त्या ती एका हातानं भिंत धरून आडवी उतरायची. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही गुडघे बदलावे लागतील, दिवाळीनंतर या. त्यासाठी लागणारे पैसे तिनं स्वतः शिवून साठवले होते. खात्याला माझंही नाव होतं, कारण बँकेचे कागद मला कळतात, असं ती समजत होती.

दिवाळीला चार महिने होते. चार महिने पैसे नुसते पडून राहणार, ही गोष्ट वाणिज्याच्या शिक्षकाला सहन होईना. त्याच सुमारास नगरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये 'बाजारातील भीतीवर विजय' नावाचं एक दिवसाचं शिबिर झालं. फी भरपूर होती, पण जेवणात गुलाबजाम होते. कोट घातलेला एक पोरगेलासा तज्ज्ञ स्टेजवर इकडून तिकडं चालत सांगत होता की सामान्य माणूस श्रीमंत होत नाही याचं एकच कारण आहे, भीती. मग आम्हा साठ-सत्तर जणांना उभं करून छातीवर हात ठेवायला लावला आणि 'मी घाबरत नाही' असं एकवीस वेळा म्हणवून घेतलं. माझ्या शेजारी एक निवृत्त तलाठी होता. तो इतक्या जोरात म्हणत होता की मला त्याचीच भीती वाटली. संध्याकाळी आम्हाला लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रं मिळाली. मी भीतीवर विजय मिळवला आहे, हे त्यावर छापलेलं होतं, सहीशिक्क्यासह.

प्रमाणपत्र हातात आल्यावर घाबरण्याचं कारणच उरलं नाही. मी दोन्ही गुडघ्यांचे पैसे एका छोट्या कंपनीच्या शेअरमध्ये घातले. तो शेअर दिवसात पन्नास रुपये वर, पन्नास खाली असा नाचायचा. आठशे रुपयांना घेतला. सुनंदाला सांगितलं नाही. दुप्पट झाल्यावर एकदमच सांगू, असा विचार होता. गुडघे होतील आणि वर एक खोलीही चढेल. ती चढायला नवे गुडघे असतीलच.

सुरुवातीला तो साडेआठशेला गेला. त्या आठवड्यात मी बाजारात जाऊन भाऊंना शेअर बाजार समजावून सांगितला. फार मोठ्या मनानं सांगितला. त्यांनी मोबाईल हातात घेतला, लाल-हिरव्या रेघा बघितल्या, मोबाईल उलटा करून मागची बाजू बघितली आणि परत दिला. "याचे दात कुटनं बघायचे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, याला दात नसतात. "मग आपल्या कामाचं न्हाई. ज्याचे दात बघता येत न्हाईत, ते जनावर मी घेत न्हाई. पन तुमी घेतलंच हाय तर गाठ मारलीय का?" मी म्हटलं, त्याला आमच्यात स्टॉप लॉस म्हणतात. "नाव काय बी आसूद्या. मारलीय का?"

नव्हती मारली. विजेत्याला तिची गरज नसते. पण भाऊंच्या समाधानासाठी मी घरी येऊन हातरुमालाला सात गाठी मारल्या. एक गाठ म्हणजे शंभर रुपये. सातशेच्या खाली गेला की विकून मोकळं व्हायचं, दीड गुडघ्यापेक्षा जास्तच हातात राहतो. मला तेव्हा ते सगळं गमतीचं वाटत होतं. रुमाल पॅन्टच्या खिशात ठेवून मी वर्गावर जाऊ लागलो.

पुढच्या सोमवारी शेअर सातशेवर आला. मी कॉलेजच्या जिन्यात उभा राहून रुमाल चाचपला. आणि माझ्या मनानं मला असं काही समजावलं की तसं मी अकरावीच्या मुलांनाही कधी समजावलेलं नाही. कंपनी चांगली आहे. ही तात्पुरती घसरण आहे. घाबरून विकणारे मूर्ख असतात, आणि मी तर प्रमाणपत्रधारक. मी सातवी गाठ सोडली. बुधवारी सहावी सोडली. दर वेळी मला वाटत होतं की मी धैर्य दाखवतोय. खरं म्हणजे मी इतका भ्यायलो होतो की तोटा झाला हे म्हणायचीही हिंमत नव्हती. एकवीस वेळा 'मी घाबरत नाही' म्हटल्यावर माणसाला आपण घाबरलोय हे ओळखूच येईनासं होतं, हा त्या शिबिराचा खरा फायदा.

शुक्रवारी सकाळी तो पाचशेच्या खाली घसरला. चारशे ऐंशीला मी वर्ग अर्धवट सोडला आणि बाजारात गेलो. कशाला गेलो, मलाही माहीत नव्हतं. रुमालाच्या पाच गाठींपैकी एक सोडायची होती आणि त्यासाठी बहुतेक कुणाचा तरी होकार हवा होता. भाऊ एका गाभण म्हशीजवळ उभे होते. मला बघताच त्यांनी उपरणं टाकलं, बोटं धरली आणि या वेळी लगेच सोडली नाहीत.

"बरं न्हाई," ते हळूच म्हणाले. "किती गेलं?"

तोंडानं सांगवलं नसतं. आजूबाजूला माणसं होती, माझे दोन माजी विद्यार्थीही होते. कापडाखाली मी त्यांची बोटं दाबली. किती होतं, किती उरलं. इतक्या दिवसांत जे कुणाला सांगता आलं नव्हतं ते तिथं, भर गर्दीत, सांगून झालं. भाऊंचा चेहरा हलला नाही.

"कुनाचं हुतं?"

"सुनंदाचं. गुडघ्यांचं."

त्यांनी उपरणं उचललं, म्हैस शेजारच्याच्या हवाली केली आणि म्हणाले, "चला." शुक्रवारी, भर बाजारात, म्हैस विकायची सोडून बन्सीभाऊ घरी निघालेत, हे बघून दोन-तीन हेडी त्यांच्याकडं बघतच राहिले.

भाऊंचं घर बाजाराच्या मागच्या अंगाला होतं. दारात त्यांची बायको चंद्राबाई तूर पाखडत बसली होती. भाऊंनी खांद्यावरचं उपरणं काढून तिच्या पुढ्यात टाकलं. "सोड," ते म्हणाले. तिनं वर बघितलं. "इकली?" "न्हाई. मास्तरास्नी दावायचंय." तिनं सूप बाजूला ठेवलं आणि एकेक गाठ नखानं सोडवायला घेतली. गाठी ओल्या करून आवळलेल्या होत्या. पहिलीला बराच वेळ लागला.

"बघितलं का?" भाऊ मला म्हणाले. "ही मारती. मी मारीत न्हाई. लगीन झाल्यावर दोन वर्सं मीच मारायचो आन बाजाराच्या वाटंवर मीच सोडायचो. दुस्काळ पडला त्या साली बैलाची जोडी धरून मी सात शुक्रवार उभा ऱ्हायलो. येका येका शुक्रवारी येक येक गाठ सोडली. आठव्याला बैल उभं ऱ्हाईनात. तवापासून गाठ हिची. मला सोडायची आसंल तर हितं घरला येऊन हिला सांगावं लागतं की बाई, मला भ्या वाटतंय, येक गाठ सोड. तेवढं सांगायची लाज वाटती म्हनून मी इकून टाकतो. लोक म्हनत्यात बन्सी कुनाला भीत न्हाई."

"आख्ख्या बाजारात ह्यांच्याएवढं भित्रं मानूस न्हाई," चंद्राबाई गाठीवरची नजर न काढता म्हणाली.

"भ्या हाय ते हायच, मास्तर. ते कुटं जात न्हाई. मी ते हिच्याकडं ठिवायला देतो."

घरी जाऊन सुनंदाला सांगायचं, एवढाच त्याचा अर्थ होता. शेअर बाजाराच्या पडझडीला मी घाबरत होतो असं मला वाटत होतं. त्या दुपारी भाऊंच्या दारातून माझ्या घरापर्यंत चालताना कळलं की ती भीती अगदीच किरकोळ होती. मी वाटेत दोनदा थांबलो. एकदा पान खाल्लं, जे मी कधी खात नाही.

सुनंदा मशीनवर होती. मी समोर स्टुलावर बसलो आणि सांगितलं. शिबिरापासून सांगितलं, प्रमाणपत्रासकट. तिचे पाय थांबले. बराच वेळ ती हातातल्या ब्लाउजाची शिवण बोटानं सपाट करत राहिली.

"सोमवारी रुमाल धुतला तेव्हा सहा गाठी होत्या," ती म्हणाली. "बुधवारी पाच. मला वाटलं कसला तरी उपास धरलाय, दिवस मोजताय. माझ्या गुडघ्यांसाठी धरलाय असं वाटलं."

या बाईनं मला ओरडायला हवं होतं. हातातली कात्री फेकली असती तरी चाललं असतं.

"आता किती राहिलेत?"

"सव्वा. गुडघ्यांच्या हिशोबात."

"द्या तो रुमाल." तिनं सगळ्या गाठी सोडल्या, रुमालावर तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि चार गाठी मारल्या. चारशे रुपये, म्हणजे एक गुडघा. चारच गाठी मीही मारणार होतो. पण वीस वर्षं सुईदोरा ओढलेल्या हातांनी तिनं त्या अशा आवळल्या की रुमालाचा पीळ करकरला. रुमाल माझ्याकडं परत आला नाही. तो मशीनच्या खणात, रिळांच्या शेजारी गेला.

शनिवार, रविवार बाजार बंद. ते दोन दिवस आम्ही एकमेकांशी अगदी नम्रपणे बोललो, मीठ द्या, चहा घ्या असं. सोमवारी सकाळी शेअर उघडला तोच चारशे तीसला. पंधरा मिनिटांत चारशे दहा. मी मोबाईल घेऊन पुढच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. मनानं परत वकिली सुरू केली होती. कंपनी चांगली आहे, एवढ्या खाली आल्यावर विकणारा वेडा. खोलीत मशीन चालू होतं.

"एक गाठ सोडू का?" मी विचारलं. "फक्त एक. आज वर येईल असं वाटतंय."

सुनंदानं खण उघडला, रुमाल काढून मशीनच्या फळीवर ठेवला आणि खुर्ची माझ्याकडं वळवली. वळताना तिनं दोन्ही हातांनी डावा गुडघा उचलून पुढं ठेवला, कारण तो आपणहून वळत नव्हता.

"सोडा," ती म्हणाली. "पण माझ्यासमोर सोडा."

मी त्या चार गाठींकडं बघितलं. मग मोबाईलकडं. आकडा चारशे दोन होता. विक्रीचं बटण दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा लागलं. सगळं मिळून काही सेकंदांचं काम. त्या सेकंदांत मी जितका भ्यायलो होतो तितका आयुष्यात कधी भ्यायलो नाही, आणि तरीही ते काम झालं. शिबिरात हा प्रकार शिकवत नाहीत.

मी तो शेअर पुन्हा कधी बघितला नाही, असं इथं लिहिलं तर बरं दिसेल. पण त्याच संध्याकाळी बघितला, आणि रोज बघत राहिलो. पुढच्या आठवड्यात तो सातशेवर गेला. मी धावत भाऊंकडं. ते भेळ खात होते. मी म्हणालो, "भाऊ, आठ दिवस थांबलो असतो तर पावणेदोन गुडघे होते."

"सातशेला इकला आसता?"

मी विचार केला. खोटं बोलायचं मनात होतं, पण त्यांनी उपरणं उचलल्यासारखं केलं. "नसता," मी म्हणालो. "आठशेची वाट बघितली असती."

"मंग बसा. भेळ खावा."

महिन्याभरानं तो शेअर दोनशेच्या खाली जाऊन पडला. ती बातमी भाऊंना सांगायला मी गेलो नाही.

दिवाळीनंतर नगरला सुनंदाचा डावा गुडघा बदलला. उजव्याला डॉक्टर म्हणाले, पुढं बघू. तेव्हापासून आमच्या घरात एक गुडघा नवा आणि एक जुना आहे. नव्याचं श्रेय बन्सीभाऊंना जातं. जुना माझा. ती पायऱ्या उतरते तेव्हा एक पाऊल न वाजता पडतं आणि दुसऱ्याला भिंत लागते. दिवसातून पाच-सहा वेळा मला ते ऐकू येतं. एवढ्या नियमानं माझ्या चुकीची उजळणी कुठल्या परीक्षेनंही घेतली नसती.

पुढच्या उन्हाळ्यात चंद्राबाई गेली. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. तेराव्यानंतरच्या शुक्रवारी भाऊ एक कालवड घेऊन बाजारात आले. उपरणं खांद्यावर होतं, पण टोक मोकळं होतं. सकाळी चांगलं गिऱ्हाईक आलं, भाऊंनी दिली नाही. दुपारी त्याहून कमीचं आलं, दिली नाही. बाजार उठला तेव्हा मोकळ्या मैदानात ते एकटेच कालवड धरून उभे होते. मी त्यांच्याजवळ गेलो, तर त्यांनी उपरणं टाकलं नाही. मीच त्यांचा हात धरला. तो गार होता. चाळीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या बोटांतली भीती चाचपली, त्यांच्या बोटांत ती माझ्यासारख्यालाही कळत होती. मला फार वाईट वाटलं. टोमणा सुचला नाही, आणि सुचला असता तरी मारला नसता.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी, सकाळच्या चहाच्या वेळेला, भाऊ आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. मला वाटलं माझ्याकडं काम असेल. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"ताई," ते सुनंदाला म्हणाले, "कालवड इकायचीय. चार गाठी मारून द्या. जरा वल्या करून मारा."

सुनंदा पायऱ्या उतरून खाली आली, एक पाऊल नवं, एक जुनं. तिनं गाठी मारून दिल्या. संध्याकाळी भाऊ परत आले ते कालवड विकूनच, आणि गाठी सोडवून घेऊन गेले. सोडवायला मारणाराच लागतो, हा त्यांचा नियम होता. असं दीडेक वर्ष चाललं. दर शुक्रवारी नव्हे, दावणीला काही असेल तेव्हा. गाठ मारताना ती त्यांना विचारायची, "भीती वाटतेय का, भाऊ?" आणि घोडेगावच्या बाजारातला सगळ्यात निडर हेडी खाली मान घालून म्हणायचा, "लई."

शेवटची म्हैस त्यांनी मागच्या पावसाळ्यात विकली. सात गाठी होत्या. संध्याकाळी गाठी सोडवायला आले तर आम्ही घरी नव्हतो, सुनंदाच्या गुडघ्याच्या तपासणीला नगरला गेलो होतो. भाऊंनी उपरणं दाराच्या कडीला बांधलं आणि शेजारणीला निरोप ठेवला की सवडीनं सोडून ठिवा, मी नेतो. सोमवारी सकाळी, अंथरुणातच, ते गेले. त्यांचा मुलगा सांगायला आला तेव्हा उपरणं आमच्याच घरात होतं. मी ते त्याला देऊ लागलो. तो म्हणाला, "ऱ्हाऊद्या. त्येंचं काम तुमच्याकडंच हुतं."

उजव्या गुडघ्याचे पैसे आता पोस्टात जमतायत. पासबुक मशीनच्या खणात असतं, माझ्या नजरेसमोर आणि हाताबाहेर. प्रमाणपत्रही त्याच खणात आहे. लॅमिनेट केलेलं असल्यामुळं सुनंदा कापडावर खुणा करायचा खडू त्यावर तासते. त्याखाली भाऊंचं उपरणं घडी करून ठेवलंय, सात गाठींसकट.

परवा खण आवरताना ते माझ्या हाती लागलं. माणूस गेला, म्हैस गेली, गाठी कशाला ठेवायच्या, असं मनात आलं आणि मी एक गाठ नखानं उकलायला घेतली. मशीन थांबलं.

"सोडा," सुनंदा म्हणाली. "पण माझ्यासमोर सोडा."

मी घडी होती तशी घातली आणि उपरणं परत खणात ठेवलं.